आत कोणी आहे का?

त्या सकाळी मला फाटकापर्यंत जाऊन एक खोकं आणायचं होतं. काम एवढंच.

फेब्रुवारीतला लख्ख उन्हाचा दिवस होता आणि बुर्या सुटलेला होता. इटलीच्या सीमेलगतच्या आमच्या क्रासच्या पठारावर हा वारा सुटला की छपरांवर ठेवलेले दगडसुद्धा खडखडायला लागतात. अशा दिवशी वरच्या चढावर गाड्या आणू देत नाहीत. म्हणून संग्रहालयाच्या गोस्पा झोर्का, म्हणजे झोर्काबाई, खोकं घेऊन खाली फाटकाशीच उतरल्या होत्या, आणि त्यांना वर आणायला मी निघाले होते.

"बोत्रा, म्हातारीला घट्ट धर," स्तोयान मागून ओरडला. "नाहीतर उडून जाईल थेट इटलीत, आणि खोकंही फुकटात त्यांच्याच पदरात पडेल."

स्तोयान आणि मी एकत्र शिकलो. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला त्यानं धर्मपिता म्हणून तिला हातांवर घेतलं, तेव्हापासून तो माझा 'बोतर' आणि मी त्याची 'बोत्रा'. साविना म्हणून त्यानं मला कधी हाक मारल्याचं आठवतच नाही. आडव्या अंगाचा, मोठ्या पंज्यांचा, खदाखदा हसणारा माणूस. रस्त्यात गोगलगाय दिसली तर वाकून उचलायचा आणि गवतात ठेवायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर त्याच्याबद्दल तुमचं मत वेगळं होईल.

फाटकाशी गोस्पा झोर्का भिंतीच्या आडोशाला उभ्या होत्या. काटकुळ्या, साठी उलटलेल्या. ओठांत विझलेली सिगारेट, आणि छातीशी खोकं असं धरलेलं, जसं कोणी तान्हं मूल धरावं.

मी हात पुढे केले.

"याला हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "तू मला धर. मी याला धरते."

आम्ही दोघी एकमेकींना रेटत चढ चढलो. आत आल्यावर दार लावलं आणि वाऱ्याचा आवाज मागे पडला. त्याच्या जागी आमच्या यंत्राची घरघर कानावर आली. ती कधीच थांबत नाही. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक अवाढव्य गोल कडं आहे. त्यात विजेचे कण गरगर फिरत असतात आणि जिथे वळतात तिथे क्ष-किरण बाहेर फेकतात. दवाखान्यातल्या क्ष-किरणांपेक्षा कितीतरी पटींनी प्रखर. कड्याभोवती जागोजागी शिशाच्या जाड भिंतींच्या खोल्या आहेत, त्यांत हे किरण सोडतात. आम्ही त्यांना 'कोठडी' म्हणतो. आमच्या कोठडीत जुन्या वस्तू येत. दगडात अडकलेली हाडं, न उघडणाऱ्या पेट्या. न फोडता आत काय आहे ते बघायचं, हे आमचं काम.

गोस्पा झोर्कांनी टेबलावर खोकं उघडलं.

आत एक शिरस्त्राण होतं. लोखंडी, पहिल्या महायुद्धातलं. पण ते दिसायला कसलं! गुहेतल्या चुन्याच्या पाण्यानं त्याच्यावर थरावर थर चढवले होते. एखाद्या मोठ्या पांढऱ्या बटाट्यासारखा तो गोळा झाला होता. फक्त एका बाजूनं लोखंडाची गंजकी कड बाहेर आलेली.

"नव्या रेल्वेचा बोगदा खणताना गुहा लागली," त्या म्हणाल्या. "आत माणसं होती. बाकीच्यांचे सांगाडे नीट निघाले. याचं एवढंच सापडलं."

"म्हणजे आत डोकं आहे?" स्तोयाननं विचारलं.

"आहे."

"आणि धड?"

गोस्पा झोर्कांनी नकारार्थी मान हलवली. "शिरस्त्राण इटलीच्या फौजेचं आहे. आत एखादा बिल्ला असेल, दातात काही खूण असेल, तर याला नाव मिळेल. नाव मिळालं तर घरी जाईल. नाहीतर ढिगात जाईल, बाकीच्या बिननावाच्या हाडांबरोबर."

"घरी पाठवू की," स्तोयान म्हणाला आणि त्या गोळ्यावर हलकेच हात ठेवला. "चल रे बाबा, तुझा फोटो काढू. हसरा चेहरा ठेव."

त्यानं तो गोळा कोठडीत नेला, फिरत्या चकतीवर ठेवला आणि चारही बाजूंनी चिमटे आवळले. मी दारात उभी होते. कोठडीत ओलसर वास येत होता, गुहेचा. तो येणारच, म्हटलं.

कोठडी बंद करण्याची आमची एक रीत आहे. ती चुकवता येत नाही, यंत्रच चुकवू देत नाही. आत पूर्ण फेरी मारायची, प्रत्येक कोपऱ्यातलं बटण दाबत दारापर्यंत यायचं, आणि मोठ्यानं विचारायचं, "आत कोणी आहे का?" मग भोंगा वाजतो, शिशाचं दार सरकत बंद होतं, आणि त्यानंतरच किरण सुटतो. त्यातूनही चुकून कोणी आत राहिलंच, तर भिंतीवर एक मोठं लाल बटण आहे. ते दाबलं की किरण तिथल्या तिथे मरतो. ते बटण दाबलं की रुतून बसतं. हातानं पिळल्याशिवाय परत बाहेर येत नाही.

त्या दिवशी फेरी मी मारली. "आत कोणी आहे का?" असं विचारलं. भोंगा वाजला, दार लागलं. आम्ही तिघं बाहेर पडद्यांसमोर बसलो. स्तोयाननं किरण सोडला.

आणि तो लगेच मेला.

पडद्यावर लाल अक्षरं आली. कोठडीतलं लाल बटण दाबलं गेलं आहे.

"तुझा कोपर लागला असेल निघताना," स्तोयान म्हणाला.

"कोपर लागला असता तर किरण सुटलाच नसता, बोतर."

"मग वायर सैल असेल." तो उठला, दार उघडून आत गेला, बाहेर आला. "रुतलेलं होतं. पिळून काढलं."

"आपोआप रुतलं?"

"बुर्या आहे बाहेर. सगळी इमारत हलतेय. मग बटण का हलू नये?"

पुन्हा फेरी, पुन्हा भोंगा. या वेळी किरण टिकला.

पडद्यावर हळूहळू सावल्या उमटू लागल्या. चुना फिकट दिसतो, लोखंड काळं. आधी शिरस्त्राणाची कमान दिसली, मग तिच्या आत कवटी. ती तिरपी होती, गालावर कललेली. आणि शिरस्त्राणाच्या माथ्यातून कवटीत घुसलेले जाड काळे खिळे. चांगले बोटभर लांब.

"हे काय?" मी विचारलं.

गोस्पा झोर्का पडद्याकडे वाकल्या. मग म्हणाल्या, "गदा. लाकडी दांडा, पुढे लोखंडी गोळा, त्याला खिळे. आधी विषारी वायू सोडायचे. मग तो ओसरला की या गदा घेऊन खाली उतरायचे. जे अजून श्वास घेत पडलेले असायचे, त्यांना... गोळ्या वाया घालवायच्या नाहीत म्हणून."

"कोण उतरायचे?"

"आपले," त्या म्हणाल्या. "तेव्हा आपण ऑस्ट्रिया-हंगेरीचे होतो ना. तुझा पणजोबा असेल, माझा आजोबा असेल. कोणीही."

स्तोयान चित्र मोठं करत होता. तो थांबला. "हे बघा."

जबडा घट्ट आवळलेला होता. दातांच्या दोन ओळींमध्ये दोन लहान हाडं अडकली होती. एकापुढे एक. त्यांतल्या एकाच्या टोकाला नखाच्या आकाराचा चपटेपणा होता.

"बोट आहे," मी म्हणाले.

"याचं स्वतःचं?"

"स्वतःचं बोट कोण चावून तोडेल?"

गोस्पा झोर्कांनी सिगारेट ओठांतून काढली आणि अगदी हळू म्हणाल्या, "शाबास रे माझ्या लेका. फुकट नाही गेलास."

माझ्या मनात तेव्हा एक विचार आला आणि मी तो झटकला. या गोळ्यात एक माणूस आहे असं आपण धरून चाललोय. आहेत दोघं. मारणाऱ्याचाही तुकडा आहे आत.

मग आम्ही चकती फिरवत सगळ्या बाजूंनी चित्रं घेतली. ती जोडली की वस्तू पडद्यावर अखंड उभी राहते, हवी तिथून कापून बघता येते. यात एकच पथ्य असतं. वस्तू हलता कामा नये. केसाएवढी हलली तरी चित्र पुसट होतं.

चित्र जोडून आलं. शिरस्त्राण स्वच्छ, कवटी स्वच्छ, खिळे स्वच्छ. प्रत्येक कड सुरीसारखी. फक्त जबडा पुसट होता. एकावर एक तीन-चार जबडे काढावेत तसा.

"चिमटा सैल झाला," स्तोयान म्हणाला. पण त्याचा आवाज बारीक झाला होता. चिमटा सैल झाला असता तर सगळंच पुसट झालं असतं, हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं. चुन्याच्या दगडात पुरलेलं एक हाड, तेवढंच हलत होतं.

"पुन्हा घेऊ," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पुन्हा घेतलं. या वेळी चित्र कुठेच पुसट नव्हतं. सगळं स्वच्छ होतं. जबडा उघडा होता. पूर्ण, आ वासल्यासारखा. आणि दातांमध्ये काहीच नव्हतं.

गोस्पा झोर्का खुर्ची सरकवून उठल्या. "बास झालं. काढा त्याला बाहेर. मी घेऊन जाते."

तेवढ्यात पडदा लाल झाला. बटण. कोणीतरी आतून बटण दाबलं होतं.

आता मला वाटतं, गोळ्यातला तो माणूस आम्हांला घाबरवत नव्हता. ते बटण कोणासाठी असतं? जो आत राहून गेला त्याच्यासाठी. मी दारात उभी राहून विचारलं होतं, आत कोणी आहे का म्हणून. मला वाटतं, त्यानं उत्तर दिलं होतं. पण तेव्हा हे सुचलं नाही. तेव्हा मी फक्त स्तोयानच्या तोंडाकडे बघत होते आणि तो माझ्या.

"मी आणतो काढून," तो म्हणाला. "तुम्ही इथेच थांबा."

"मी येते."

"दारात थांब. दाराला धर."

शिशाचं दार सरकलं. आणि वास आला. गुहेचा वास नव्हता तो. नुकत्या कापलेल्या ओल्या गवताचा वास, जूनमध्ये कुरणात येतो तसा. गोड. फेब्रुवारीत, शिशाच्या बंद खोलीत.

"गवत कुठून आलं?" स्तोयान म्हणाला.

माझ्या मागून गोस्पा झोर्का ओरडल्या, "बाहेर ये! स्तोयान, श्वास घेऊ नकोस, बाहेर ये! त्या वायूला असाच वास असतो..."

तो तोवर चकतीपाशी पोचला होता. त्याची माझ्याकडे पाठ होती. त्यानं एक चिमटा सोडवला, दुसरा सोडवला, आणि मग त्याचे हात थांबले. डोकं जरासं एका बाजूला कललं, कोणी खालून काही सांगत असावं आणि आपण ऐकत असावं तसं.

"बोतर?"

तो बोलला. मला शब्द कळले नाहीत. आमची भाषा नव्हती, इटालियन नव्हती, जर्मनही नव्हती. आवाज त्याचाच होता, पण इतका मऊ... आजारी मुलाच्या उशाशी बसून बोलावं तसा.

किरण अडवायला कोठडीत शिशाच्या विटा रचून ठेवलेल्या असतात. लहान दिसतात, पण दोन्ही हातांनी उचलाव्या लागतात. स्तोयाननं एक वीट एका हातात घेतली आणि तो वळला.

त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. हे मी पोलिसांना सांगितलं, न्यायाधीशांना सांगितलं. मी तिथेच उभी राहिले, कारण त्याच्या चेहऱ्याकडे बघून पळावं असं वाटलंच नाही. तो जवळ आला आणि त्यानं वीट माझ्या डोक्याच्या रोखानं खाली आणली.

मी बाजूला झाले असेन. वीट खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. मी कोठडीच्या आत पडले. त्यानं पुन्हा वीट उचलली. ती जमिनीवर माझ्या कानाशेजारी आदळली आणि फरशीच्या कपच्या माझ्या गालात घुसल्या. तो बोलतच होता. तेच शब्द पुन्हा पुन्हा, त्याच मऊ आवाजात.

गोस्पा झोर्का त्याच्या हाताला लोंबकळल्या. ती काटकुळी बाई त्याच्या दंडाला मिठी मारून ओरडत होती, त्याचं नाव घेत होती, त्याच्या आईचं नाव घेत होती. त्यानं हात नुसता झटकला. त्या मागे सामानाच्या लोखंडी घोडीवर जाऊन आपटल्या. तिच्या कोपऱ्यावर त्यांचं डोकं आदळलं. तो आवाज मी अजून ऐकते. बुर्यात खिडकीची फळी आदळली तरी ऐकते.

मग तो माझ्या छातीवर गुडघा टेकून बसला. मी किंचाळत होते. त्यानं डावा पंजा माझ्या तोंडावर दाबला. किंचाळी बंद करायला. उजव्या हातात वीट वर गेली.

आणि मी चावले.

मी चावले असं म्हणते खरं. जीव वाचवायला माणूस चावतोच. पण सांगते ते नीट ऐका. सुरुवातीला चावले ती मी. पुढचं कोणी केलं ते मला माहीत नाही. माझा जबडा आवळला आणि तो सुटेना. तोंडात रक्त आलं, गरम, इतकं की मला श्वास घेता येईना. मला तोंड उघडायचं होतं. मी मनातल्या मनात ओरडत होते, सोड, सोड, तो स्तोयान आहे, सोड त्याला! जबडा आणखी आवळत गेला. दातांखाली हाड कडकडलं. माझ्या गळ्यातून जो आवाज निघत होता तो बाईमाणसाचा नव्हता. आणि माझ्या नाकाडोळ्यांत, छातीत, सगळीकडे त्या गोड गवताचा वास जळत होता.

हाड तुटलं.

वीट त्याच्या हातात तशीच वर होती. तो ती आणणारच होता खाली. त्याच वेळी माझ्या डोळ्यांच्या कडेला काहीतरी हललं. गोस्पा झोर्का. त्यांचं अर्धं तोंड रक्तानं माखलेलं, एक डोळा मिटलेला. त्या सरपटत चकतीपर्यंत पोचल्या होत्या. तिच्या पायाला धरून उठल्या, दोन्ही हातांनी त्या गोळ्याला मिठी घातली, आणि सगळं अंग मागे टाकलं. उरलेले चिमटे निखळले. त्या आणि तो गोळा एकदमच खाली आले.

चुना फुटला. अंड्याचं कवच फुटावं तितक्या हलक्या आवाजात फुटला.

स्तोयान माझ्यावर कोसळला. सगळं वजन. वीट त्याच्या हातातून सुटून घरंगळत गेली. मग तो माझ्या कानाशी, आमच्या भाषेत, लहान मुलासारखा म्हणाला, "बोत्रा... माझा हात... माझ्या हाताला काय झालं गं?"

शेजारच्या कोठड्यांतली माणसं धावत आली तेव्हा गवताचा वास गेला होता.

रुग्णवाहिकेत गोस्पा झोर्का आणि मी शेजारी शेजारी होतो. वाऱ्यानं गाडी एवढी हलत होती की आमचे हात एकमेकींना लागत होते. त्यांचा उघडा डोळा माझ्याकडे होता.

"तो काय म्हणत होता, तुला कळलं?" त्यांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

"हंगेरियन. माझी आई तिकडची, मुरा नदीपलीकडची. लहानपणी मला तापात अशीच थोपटायची..." त्या थांबल्या. ओठ ओले केले. "म्हणत होता, डोळे मीट, लेकरा. आत्ता संपेल. आत्ता संपेल."

संध्याकाळच्या आत गोस्पा झोर्का गेल्या. मेंदूत रक्त साकळलं होतं.

स्तोयानचं बोट शिवून परत जोडता येईल असं शस्त्रवैद्य म्हणाले. म्हणून लोकांनी कोठडीचा कोपरान् कोपरा शोधला. ते मिळालं नाही. मी गिळलं असेल असं वैद्यांनी चाचरत सुचवलं. माझ्या पोटाचे फोटो काढले. पोटात काही नव्हतं.

चौकशीत असं ठरलं की कोठडीतल्या, यंत्र थंड ठेवणाऱ्या नायट्रोजनच्या नळीला गळती लागली होती. प्राणवायू कमी पडला, माणसांना भ्रम झाला. नायट्रोजनला वास नसतो, हे मी सांगितलं. ते लिहून घेतलं गेलं की नाही, माहीत नाही. न्यायालयानं ते कारण मान्य केलं, स्तोयानला तुरुंगात पाठवलं नाही. गोस्पा झोर्कांची लेक न्यायालयाच्या दारात त्याच्या तोंडावर थुंकली. त्यानं पुसलं नाही.

तो पठार सोडून आपल्या बहिणीकडे राहायला गेला, तिकडे आत, जिथे बुर्या पोचत नाही. मी एकदा त्याला भेटायला गेले. त्यानं स्वतः कॉफी केली, मला आवडते तशी, कडक, बिनसाखरेची. चार बोटांच्या हातानं पेला पुढे ठेवला. आम्ही हवेबद्दल बोललो, माझ्या मुलीबद्दल बोललो. ती त्याच्याकडे यायला तयार नव्हती, हे मी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

निघताना दारात त्यानं माझी बाही धरली.

"सगळे मला विचारतात, एवढा राग कसला आला होता," तो म्हणाला. "तुला म्हणून सांगतो. राग नव्हता गं. कीव आली होती. तू खाली पडलेली, श्वास लागत नाही, तोंडाला फेस... तुझे हाल बघवत नव्हते. मला वाटलं, लवकर संपवावं. त्यातच तुझं भलं आहे." त्यानं बाही आणखी घट्ट धरली. "तू पडलेली नव्हतीस ना तेव्हा? तू तर दारात उभी होतीस ना, बोत्रा?"

"हो," मी म्हणाले. "उभी होते."

त्यानं बाही सोडली. त्यानंतर आमची भेट नाही.

फुटलेल्या गोळ्यातली हाडं संग्रहालयानं गोळा केली. कवटीचे तुकडे मिळाले, खिळे मिळाले. खालचा जबडा मिळाला नाही. चुन्याच्या चुऱ्यात कुठे विरला असेल, म्हणाले. उरलेलं एका लहान पेटीत घालून बिननावाच्या हाडांत ठेवलं. मी गेले होते. फुलं वाऱ्यानं उडून गेली.

मी अजून तिथेच काम करते. लोक विचारतात, कसं जमतं? जमतं. कोठडीत शेवटची फेरी मात्र मी दुसऱ्या कोणाला मारायला लावते.

मागच्या वसंतात दाढ ठणकायला लागली म्हणून मी सेझाना गावात दातांच्या डॉक्टर एगोनकडे गेले. म्हातारा झालाय आता. मी विद्यार्थिनी असताना माझ्या चारही अक्कलदाढा त्यानंच काढल्या होत्या, एकेक करून, प्रत्येक वेळी घाम पुसत. त्यानं जबड्याचा फोटो काढला आणि तो दिव्यावर लावला. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. बाहेर शाळा सुटली होती, पोरं ओरडत होती.

तो बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"साविना, तुझ्या खालच्या अक्कलदाढा मी काढल्या होत्या ना?"

"तुम्हीच काढल्या होत्या."

"हं." त्यानं फोटोवर बोट ठेवलं. "या आहेत इथे. दोन्ही. चांगल्या झिजलेल्या. आणि बाकीचे दातही... तू तंबाखू चघळतेस का? पाईप ओढतेस? हे दात पाईप धरून झिजल्यासारखे दिसतायत."

मी मान नकारार्थी हलवली.

"फोटोंची अदलाबदल झाली असणार," तो म्हणाला. पण त्या दुपारी त्याच्याकडे माझ्याशिवाय दुसरं कोणी आलंच नव्हतं. "तोंड उघड बघू."

मी तोंड उघडलं. त्यानं आरसा आत घातला, दिवा वाकवला. मग मागे, जिथे अक्कलदाढ असते तिथे, हिरडीवर बोट फिरवलं. तिथे काहीच नव्हतं. नुसती हिरडी होती, गुळगुळीत. मलाही ते जाणवत होतं.

त्यानं एकदा दिव्यावरच्या फोटोकडे बघितलं. एकदा माझ्या तोंडात बघितलं.

मग त्यानं आपलं बोट माझ्या तोंडातून काढून घेतलं. जरा घाईनंच.